पाचव्या रविवारचं पाणी

मुतखडा जावा म्हणून मी पाणी सोडलं होतं. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं आणि लाजही वाटते. जिला डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं, त्या बाईनं त्याच दुखण्यासाठी पाच रविवार निर्जळी उपास धरायचे, याला भक्ती म्हणायचं की आडमुठेपणा, असं तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. माझा स्वभावच तसा आहे. लहानपणापासून जोतिबावर माझी श्रद्धा होती, पण त्या दिवसांत श्रद्धा थोडी आणि भीती फार झाली होती. ती भीती झाकायला मी उपास पुढे केला.

आम्ही गडमुडशिंगीत राहतो. आमचे मालक एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत आणि मी घरी ब्लाउज शिवते. लगीनसराईत एकदा मशीनवर बसलं की उठायचं नाही, ही माझी वीस वर्षांची सवय. पाणी प्यायलं की उठावं लागतं, म्हणून पाणीच प्यायचं नाही. लघवी लागली तरी हातातली बाही पुरी झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. माझं काम वेळेत मिळतं म्हणून बायका कौतुक करायच्या आणि मी फुशारून जायची. एक दिवस डाव्या कुशीतून अशी कळ आली की मी मशीनवरच आडवी झाले. सोनोग्राफीत हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा निघाला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "खडा औषधानं पडेल किंवा काढावा लागेल, ते बघू. पण ताई, तुमची उजवी किडनी आक्रसलेली दिसतेय. ती फारसं काम करत नसावी, सगळा भार डावीवर आहे. पाणी भरपूर प्या आणि पंधरा दिवसांनी या. ताप आला, लघवी कमी झाली, तर मात्र एक दिवसही थांबू नका."

मालक बाहेर बाकावर बसले होते. त्यांना मी खड्याचं सांगितलं आणि उजव्या किडनीचं गिळून टाकलं. रिपोर्ट कपाटात, अस्तराच्या कापडांच्या गठ्ठ्याखाली घातला. का, तर माझा थोरला भाऊ. तो शिरोळकडचा, ट्रॅक्टरवर उभा राहिला तर बांधावरून हाक ऐकू यावी असा दणकट गडी. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि शेवटची तीन वर्षं तो डायलिसिसवर होता. त्याला पाणी मोजून मिळायचं. मी भेटायला गेले की वहिनीची नजर चुकवून तो म्हणायचा, "तायडे, वाटीभर दे की गं." आणि मी देत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच मी करत होते, त्यात चूक काही नव्हती. तरी दादा गेला आणि ती वाटी माझ्या मनात राहून गेली. आता तेच डायलिसिसचं मशीन माझ्या वाट्याला येणार, असं मला वाटायला लागलं. दवाखान्यात गेलं की ते खरं होईल, न गेलं तर टळेल, असं काहीतरी वेडं गणित मी मनाशी बांधलं होतं.

मग मी जोतिबाला बोलले. पाच रविवार केर्लीतून डोंगर चढून अनवाणी येईन, दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही, पण खडा पडू दे आणि मला मशीन लावू नको. आपल्याकडे नवस जितका कडक तितका देव लवकर पावतो, असं आपण धरूनच चालतो. साधा उपास कुणीही करतं, आपला काहीतरी वरचढ हवा. दोन रविवार झाले आणि कळ पार थांबली. मी गल्लीभर सांगत सुटले. माझ्या उपासाचं ऐकून शेजारच्या दोघीतिघी माझ्याबरोबर यायला लागल्या. डॉक्टरीणबाईंकडे जायचे पंधरा दिवस कधीच उलटून गेले होते आणि मालक आठवण करायचे, तेव्हा मी त्यांना "देवाच्या कामात तोंड घालू नका" म्हणून गप्प करायची. खडा नळीत उतरून अडकला की कधीकधी कळ थांबते आणि किडनी मात्र आतल्या आत फुगत राहते, हे मला फार नंतर समजलं. मी ज्याला देवाचा कौल मानून बसले होते, तो कौल नव्हताच.

चौथ्या रविवारनंतर अंगात कसर भरल्यासारखं वाटायला लागलं. संध्याकाळी बारीक ताप यायचा. लघवीला जळजळ व्हायची, आणि ती होती तरी किती, दोन चमचे. मी पानफुटीची पानं चावली, कुळथाचं कढण प्याले, आणि एकच रविवार राहिलाय म्हणून दुखणं अंगावर काढलं. पाचव्या रविवारी सकाळी उठले तेव्हा पाय लटपटत होते. मालक म्हणाले, "आज गाडीवर चल. पायी नको." मी ऐकलं नाही. शेवटी ते मोटारसायकलवरून पुढे गेले आणि मी बायकांबरोबर केर्लीतून डोंगर चढायला लागले. वाटेत दोनदा बसले, एकदा ओकले. बरोबरच्या बायका पाण्याची बाटली पुढे करत होत्या आणि मी हात झटकत होते. त्या वेळी माझ्या मनात देव कमी होता, हे मी आज कबूल करते. माझ्या मनात होतं ते हे, की चार रविवार केले आणि पाचवा मोडला, तर गल्लीत काय तोंड दाखवू.

वर पोहोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. रविवार म्हणजे जोतिबाचा वार, रांग पार पायऱ्यांवर आली होती. गुलालानं पायऱ्या गुलाबी झाल्या होत्या, आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी "जोतिबाच्या नावानं" म्हणून आरोळी ठोकायचं आणि सगळी रांग "चांगभलं!" म्हणून साथ द्यायची. मीही तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. दात वाजत होते. त्या उन्हात मला थंडी भरून आली होती. पायऱ्यांच्या कडेला नारळ, गुलाल आणि दवण्याचं एक लहान दुकान होतं. दुकानात एक सून गिऱ्हाईक बघत होती आणि बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिचे सासरे बसले होते. साठीच्या पुढचे, काळेसावळे, चेहरा सुजल्यासारखा. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मला राग आला.

"अक्का, बाजूला ये. बस हितं," ते म्हणाले.

"रांग जाईल माझी, मामा."

"जाऊ दे रांग. उन्हात कुडकुडतीस व्हय?"

"उपास हाय. पित्त झालंय."

"पित्तानं दात वाजत न्हाईत. लघवीला कवा गेलतीस?"

हे त्यांनी आमच्या कोल्हापुरी पद्धतीनं, म्हणजे अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं. चार माना वळल्या. माझं तोंड गुलालापेक्षा लाल झालं असणार. परक्या बाप्यानं बाईमाणसाला असं विचारायचं म्हणजे काय! "तुमाला काय करायचंय?" मी फणकारले.

"करायचंय म्हणूनच इचारतोय. कवा गेलतीस?"

"काल दुपारी," मी पुटपुटले. "पाणीच न्हाय प्याले तर येणार कुठनं?"

त्यांनी डाव्या हाताची बाही वर सारली आणि हात माझ्यासमोर धरला. कोपराच्या खाली शीर फुगून अंगठ्याएवढी जाड झाली होती आणि तिच्यावर सुयांच्या खुणा होत्या. मला काही सांगावं लागलं नाही. मशीनसाठी जोडलेली ती शीर मी दादाच्या हातावर तीन वर्षं बघितली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागते, हेही मला माहीत होतं. रांग सोडून मी खुर्चीशेजारी पायरीवर बसले.

"माझं बी असंच झालतं," मामा सांगायला लागले. "खडा हाय म्हटल्यावर कुणी काय सांगंल ते पाळंमूळं खाल्लं. थंडीताप आला तर म्हटलं हवा बदललीया. आता सोमवार-गुरुवार मशीन. रविवारी सुट्टी, म्हणून हितं सुनंजवळ बसतो." त्यांनी खुर्चीखालून एक लहान बाटली काढली. तिच्यावर पेनानं रेघ मारली होती आणि पाणी त्या रेघेला टेकलं होतं. "उद्यापतोर मला एवढंच. ही पी."

"दर्शनाबिगर न्हाय. माझा पाचवा रविवार हाय."

"वर बग. काय दिसतंय?"

मी मान वर केली. "शिखर."

"शिखर दिसलं म्हंजे देव दिसला. आमचा बा सांगायचा, ज्येला आत जाणं जमत न्हाय, त्येच्यासाठी देवानं शिखर उंच ठेवलंय. झालं तुजं दर्शन. पी."

शिखरदर्शन म्हणजे दर्शनच, हे लहानपणापासून मी हजारदा ऐकलं होतं. कितीदा एसटीच्या खिडकीतून डोंगराकडे बघून हात जोडले होते. पण स्वतःच्या नवसाला ते लावायचं मला सुचलं नव्हतं, आणि मामांनी सांगितल्यावरही मी मुंडी हलवून नाहीच म्हणाले. तेव्हा त्यांनी सुनेकडून पेला मागून घेतला, बाटलीचं बूच काढलं आणि सगळं पाणी, रेघेपासून तळापर्यंत, पेल्यात ओतलं.

"ह्ये आता मी परत बाटलीत वतत न्हाय," ते म्हणाले. "सांडायचं का प्यायचं, तू बग."

मी त्या पेल्याकडे बघत राहिले. एका वाटीसाठी दादा कसा गयावया करायचा, ते मी पाहिलेलं होतं. तसं पाणी हा माणूस मला देत होता, आणि मी, जिला हवं तेवढं प्यायची मोकळीक होती, ती नको म्हणत होते. मला रडू फुटलं. मी पेला तोंडाला लावला आणि प्याले. पाणी कोमट होतं आणि त्याला प्लॅस्टिकचा वास होता. त्या पाण्यानं मी बरी झाले असं मी म्हणणार नाही. पण पाणी पोटात गेलं आणि माझ्या आतला हट्ट सुटला. महिनाभर कुणालाही न सांगितलेली गोष्ट मी त्या अनोळखी माणसाला सांगितली. "मामा, मला एकच किडनी चालती हाय."

मामा खुर्चीतून उठले. मशीनवरचा माणूस, पण आवाज असा टाकला की वरच्या वळणावर उभ्या असलेल्या वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन नेणाऱ्या, जीपवाल्यानं मान वळवली. जीपमध्ये पन्हाळ्याला निघालेले पाहुणे बसले होते. "पावणं, उतरा खाली! बाईला दवाखान्यात न्यायचंय!" एवढंच ते बोलले आणि पाहुणे खरंच उतरले, एका शब्दानं कुरकुर न करता. शेजारणीनं फोन करून मालकांना बोलावून घेतलं. मामांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. जीप उताराला लागल्यावर मी मालकांना कपाटातल्या रिपोर्टचं सांगितलं. ते माझा हात धरून बसले होते. समोर रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "मला सांगायचं न्हाईस व्हय गं?" त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

कोल्हापुरात पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. नळीत खडा घट्ट बसला होता, किडनी फुगली होती आणि आत पू झाला होता. रक्तातलं क्रिएटिनिन, जे एकच्या आसपास असायला हवं, ते सहाच्या वर गेलं होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यांना तेवढा वेळच नव्हता. त्या म्हणाल्या, "आत्ता खडा काढायचा नाही. आधी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून एक नळी बसवते, तुंबलेलं मोकळं करू. किडनीनं काम सुरू केलं तर उत्तम. उद्यापर्यंत लघवी सुटली नाही, तर डायलिसिस करावं लागेल." ज्या शब्दाला भिऊन मी महिनाभर पळत होते, तो शब्द पळून पळून मी स्वतःच जवळ आणला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

नळी बसवली. बाहेर आणल्यावर कॉटच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती आणि तिच्यात तळाला थोडंसं गढूळ लालसर पाणी होतं. खिडकीतून संध्याकाळचं ऊन येत होतं. मी हात जोडले. आजवर मी देवापुढे हात जोडले ते नेहमी काहीतरी मागणं आणि त्यापुढे काहीतरी अट घेऊन. तू हे कर, मी ते करते. त्या संध्याकाळी माझ्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं. उपास मोडला होता, रांग सुटली होती, गल्लीतली अब्रूही आता कुठली. मी म्हटलं, देवा, माझं शहाणपण संपलं. मशीन लागायचं असेल तर लागू दे, मी दादासारखं सोसेन. फक्त माझ्या हातातून हे काढून घे, मला हे पेलत नाही. एवढं म्हटलं आणि मला गाढ झोप लागली. कित्येक दिवसांत तशी झोप लागली नव्हती.

सकाळी जाग आली ती मालकांच्या आवाजानं. ते जमिनीवर उकिडवे बसून पिशवीवरचे आकडे वाचत होते आणि क्रिकेटची धावसंख्या सांगावी तसं मला सांगत होते, "अगं, आठशे झाली! सिस्टर म्हणत्यात, एक पिशवी आधीच वतून टाकली." पलीकडच्या कॉटवरची आजी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मीही हसले आणि हसता हसता रडले. देवाचे आभार कशाकशाबद्दल मानायचे असतात, हे आपल्याला शिकवलेलं असतं. अन्नाबद्दल, पावसाबद्दल, लेकराबाळांबद्दल. लघवीबद्दल हात जोडायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या पिशवीला मनापासून नमस्कार केला. तीन दिवसांत ताप उतरला आणि क्रिएटिनिन रोज थोडं थोडं खाली येत राहिलं. मशीन लागलं नाही. क्रिएटिनिन पूर्वीच्या जागेवर अगदी आलेलं नाही, थोडं वरच राहिलं आहे, आणि या एका किडनीला मला जन्मभर जपायचं आहे. सहा आठवड्यांनी दुर्बिणीतून लेसरनं खडा फोडून काढला आणि पुढे ती नळीही काढली. डॉक्टरीणबाईंनी खड्याची भुकटी बाटलीत घालून दाखवली. एवढ्याशा मातीनं मला केवढं नाचवलं!

नळी काढल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दोघं जोतिबाला गेलो, मोटारसायकलवर, पायात चपला घालून. रांगेत मी दोनदा पाणी प्याले. आत गेल्यावर काही मागितलं नाही, कारण काही आठवलंच नाही. नुसती बघत राहिले, आणि गुरव "चला, पुढं सरका" म्हणाले तेव्हा पुढं सरकले. मग दुकानाशी आले. मामा त्याच खुर्चीत बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी पायावर डोकं ठेवलं तेव्हा दचकून पाय मागे घेतले, आणि मालकांनी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "व्हय व्हय, ती लघवीवाली अक्का!" पायऱ्यांवरची माणसं परत वळून बघायला लागली. या वेळी मला लाज वाटली नाही.

एक गोष्ट मला अडीच महिने छळत होती, ती मी विचारली. "मामा, त्या दिवशी तुमचं सगळं पाणी मी प्याले. दुसऱ्या दिवसापर्यंत तुम्ही काय केलंत?"

मामांनी गाल खाजवला. "खरं सांगू? त्या दिवशी मला तहानच लागली न्हाई. सून इचारत हुती दोनदा, घोटभर देऊ का म्हणून. मी म्हटलं, नगं. का लागली न्हाई, ते मला बी ठावं न्हाई."

मालक म्हणतात, काही गोष्टी उसवून बघू नयेत. मी मामांना म्हटलं, तुमच्यासाठी मी काय करू ते सांगा. मनात माझी जुनी खोड डोकं वर काढत होतीच, की यांच्यासाठी एखादा उपास धरावा. मामांनी सुनेला हाक मारली आणि पेला भरून पाणी आणायला सांगितलं. तो पेला त्यांनी माझ्या हातात दिला.

"माज्यासमोर पी," ते म्हणाले. "समदं."

मी प्याले. ते माझ्याकडे नाही, पेल्याकडे बघत होते, पाणी खाली खाली जाताना, अगदी तळ दिसेपर्यंत. मग त्यांनी समाधानानं खुर्चीत मान टेकवली आणि पुटपुटले, "चांगभलं."